देव गप्प आहे असं वाटतं तेव्हा: अंधाऱ्या काळात आशा कशी धरायची

प्रश्न असा आहे: घरात मृत्यू झाला, पाठोपाठ काम गेलं. आता प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत. पवित्र शास्त्र उघडलं तर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. मंडळीतले (चर्चमधले) लोक ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ म्हणतात आणि ते ऐकून जास्तच एकटं वाटतं. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि आशा आणायची तरी कुठून?

विश्वासाचं आधी बघू, कारण ती टोचणी मनात असेल तर बाकीचं काही आत उतरणार नाही. शब्द न फुटणं हे विश्वास आटल्याचं लक्षण नाही. रोमकरांस पत्रात (8:26) प्रेषित पौल स्वतःलाही त्यात धरून लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि अशा वेळी देवाचा आत्मा ‘अनिर्वाच्य कण्हण्याने’ आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुम्ही प्रार्थनेला बसून नुसते कण्हत असाल, तर ती वेळ वाया गेलेली नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ (9:24). एका वाक्यात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगितलं नाही, मुलगा तिथल्या तिथे बरा केला.

आता आशेचं. ती कशी धरायची हे सांगण्याआधी एक क्रम सांगतो, कारण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मन उभारी धरेल, मग प्रार्थना जमेल, मग झोप लागेल, असं त्यांना वाटतं. शास्त्रातल्या 1 राजे 19 मध्ये देवाने एलीया संदेष्ट्याच्या बाबतीत जो क्रम लावला तो वेगळा आहे. एलीया जीव घेऊन पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय. देव त्याला उपदेश करत नाही. आधी झोप. मग दूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. मग पुन्हा झोप, पुन्हा जेवण. दुसऱ्या खेपेला दूत म्हणतो, वाट तुला झेपणार नाही. त्यानंतर चाळीस दिवस आणि चाळीस रात्री होरेब डोंगरापर्यंत चालणं. आणि मग कुठे देव प्रश्न विचारतो, ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ देवाची ती प्रसिद्ध मंद वाणी या सगळ्याच्या नंतर आली.

म्हणून पहिला आठवडा शरीरासाठी द्या. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली, झोप लागो न लागो. दिवसातून तीन वेळा काहीतरी पोटात, भूक नसली तरी चार घास. रोज वीस ते तीस मिनिटं बाहेर चालणं, शक्यतो सकाळच्या उजेडात. आणि रोज एका माणसाशी समोरासमोर बोलणं. याला अध्यात्मापेक्षा खालचं काम समजू नका. या काळात उपास मात्र धरू नका. शोकात आधीच जेवण तुटलेलं असतं, त्यात उपास घातला की अशक्तपणा येतो आणि त्यालाच माणूस ‘देव दूर गेला’ असं नाव देतो.

आता मुख्य गोष्ट. ख्रिस्ती परंपरेत आशेचं दार विलापातून उघडतं, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. उपासनेत आनंदाची गाणी होतात, साक्षी होतात त्याही संकट टळल्याच्या. पण स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. हे इस्राएलाचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, येशूने वधस्तंभावर जे शब्द उच्चारले ते याच पुस्तकातले (स्तोत्र 22:1): माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देवाला असं विचारणं पाप असतं तर ते शब्द पुत्राच्या तोंडी आले नसते.

विलापाला एक बांधणी असते आणि ती शिकता येते. स्तोत्र 13 घ्या, फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत गाऱ्हाणं, त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाण्याचं वचन. आणि सगळ्याच्या मुळाशी हाक, ‘हे परमेश्वरा’. दोन, दोन, दोन असं हे माप ध्यानात ठेवा. एक तृतीयांश जागा निव्वळ तक्रारीला आहे.

हे स्वतः लिहायचं. कागद आणि पेन घ्या, फोनवर नको, कारण फोनवर माणूस खोडत आणि सजवत बसतो. पंधरा मिनिटं पुरेत. वर देवाला ज्या नावाने तुम्ही खरोखर हाक मारता ते नाव लिहा. बाप म्हणणं आज जड जात असेल तर ‘प्रभू’ लिहा. मग गाऱ्हाणं, पाच-सहा वाक्यं. इथे नेमकेपणा लागतो. ‘मी फार दुःखी आहे’ याने काही हलत नाही. ‘रात्री तीन वाजता जाग येते आणि शेजारची गादी रिकामी असते, आणि तू काही बोलत नाहीस’ याने हलतं. मग मागणं, एक किंवा दोनच, आणि तेही उद्यापुरतं: उद्याचा फोन उचलायचं बळ दे. मग भरवशाचं एक वाक्य, जेवढं खरं वाटतं तेवढंच. ‘तू आहेस एवढं मी नाकारत नाही’ एवढंही चालतं. शेवटी मोठ्याने वाचा, कुजबुजत का होईना. कागदावरचं गाऱ्हाणं मोठ्याने वाचलं की ते कुणाला तरी सांगितल्यासारखं होतं, आणि विलापात हेच घडायला हवं असतं.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गाऱ्हाणं दोन ओळींत उरकून स्तुतीवर उडी मारायची. मग स्तुती पोकळ लागते आणि माणूस म्हणतो, प्रार्थनेचा उपयोग नाही. दुसरी चूक, देवाविषयी तक्रार करायची पण देवाकडे नाही. अरण्यात इस्राएली लोक तंबूत बसून कुरकुरले, स्तोत्रकर्त्याने तीच कटुता देवाच्या तोंडावर ओतली. शब्द जवळजवळ तेच असतील, पण एकाची पाठ देवाकडे आहे आणि दुसऱ्याचं तोंड. तिसरी चूक, शेवटचा भरवशाचा भाग ओढूनताणून लिहायचा. तो येत नसेल तर सोडून द्या. स्तोत्र 88 मध्ये तो आलेलाच नाही. अठरा वचनं, आणि अखेरच्या ओळीत अंधारच. तरी त्या स्तोत्राला शास्त्रात जागा मिळाली. त्यात आशेची एकच खूण आहे, पहिल्याच वचनातली हाक: माझ्या उद्धारक देवा. काही आठवडे तुमची प्रार्थनाही एवढीच असू शकते.

स्वतःचे शब्द नसतील तेव्हा उसने घ्या. पण रोज नवं स्तोत्र नको, एकच स्तोत्र सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातली एखादी ओळ कामाच्या मधे आपोआप आठवू लागते. निवड दुःखाच्या जातीवरून करा. वाट पाहून थकला असाल तर 13. रात्र रडण्यात जात असेल तर 6, झोपच लागत नसेल तर 77. जवळच्या मित्राने दगा दिला असेल तर 55. दुष्टांचं चांगलं चाललंय आणि आपलं वाईट, हे खुपत असेल तर 73. आजारपणात 102, म्हातारपणाच्या भीतीत 71, अपराधी मनाला 51 आणि 130. सगळंच दाटून आलं असेल तर 88. आणि 42 व 43 ही दोन एकत्र वाचा. त्यांत ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झाला आहेस?’ हे पालुपद तीनदा येतं. स्तोत्रकर्ता तिथे खिन्न मनाचं नुसतं ऐकून घेत नाही, त्याच्याशी उलट बोलतो. आणि एकदा बोलून भागत नाही म्हणून तीनदा बोलतो.

वाचनही जमत नसेल तर श्वासाबरोबर एक ओळ पुरे. बर्तीमय या आंधळ्याने रस्त्याकडेला बसून मारलेली हाक घ्या: येशू, माझ्यावर दया कर. श्वास आत घेताना ‘येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. सावकाश दहा वेळा. तेच तेच शब्द म्हटल्याने प्रार्थना यांत्रिक होते असं वाटत असेल तर गेथशेमाने आठवा, येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली ती जागा. मत्तय लिहितो की येशूने तिथे तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. रात्री झोपताना स्तोत्र 31 मधली ओळ, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. येशूचे अखेरचे शब्द म्हणून लूकने हीच ओळ नोंदली आहे. अंथरुणावर पडल्यावर देवाशी वाद मात्र घालू नका. वाद दिवसासाठी ठेवा, बसून, कागदावर. रात्री थकलेलं मन प्रत्येक प्रश्नाचं सगळ्यात वाईट उत्तर निवडतं.

आता मंडळीतल्या त्या वाक्यांबद्दल. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले तिथे बिघडलं. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग कुणावर, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं देव म्हणतो (42:7). जन्मदिवसाला शाप देणारा, देवाला कोर्टात खेचू पाहणारा ईयोब यथार्थ बोलला! ज्याला दुःखात गप्प बसवलं जातं त्याने हे वचन जवळ ठेवावं.

काही वचनं जखमेवर मिठासारखी लागतात, कारण ती अर्धीच सांगितली जातात. ‘देव झेपेल त्याहून जास्त देत नाही’ हे वाक्य तर शास्त्रात नाहीच. 1 करिंथकरांस 10:13 मोहाविषयी आहे. उलट पौल 2 करिंथकरांस 1:8 मध्ये सरळ लिहितो की आसिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा उरली नाही. यिर्मया 29:11, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’, हे बाबेलला बंदीत नेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या आधल्याच वचनात सत्तर वर्षं असा आकडा आहे. ते ऐकणाऱ्यांपैकी कित्येक जण परतीची वाट दिसण्याआधी मरणार होते. म्हणूनच त्या पत्रात घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा असं सांगितलंय. हे वचन दोन महिन्यांत नोकरी मिळण्याची हमी म्हणून कुणाच्या हातात देऊ नये. 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा म्हणतं, प्रत्येक आघाताबद्दल आभार माना असं नाही. आणि त्याच पत्रात 4:13 ला पौल शोक करू नका म्हणून थांबत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका म्हणतो. मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि पाच मिनिटांत आपण त्याला मरणातून उठवणार हे त्याला माहीत होतं.

तरीही माणसं सोडू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्याच्याशी बोलल्याचं लिहिलंय. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाची तिथे चौकशीही नाही. काही काळ दुसऱ्याच्या विश्वासावर पडून राहायला शास्त्रात जागा आहे. सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही, दोन माणसं निवडा: जी ऐकताना मधे वचन फेकत नाहीत आणि ऐकलेलं बाहेर नेत नाहीत. त्यांच्याकडे मागणं नेमकं मागा. ‘प्रार्थनेत ठेवा’ एवढ्याने कुणालाच काय करायचं ते कळत नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन बसा, बोलायची गरज नाही, जाताना माझ्या वतीने प्रभूची प्रार्थना म्हणा’ हे कळतं. उपासनेला जायचं बळ नसेल तर मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, इतरांना गाऊ द्या. प्रभुभोजन मात्र टाळू नका. भावना कोरड्या असल्या तरी भाकरी हातात ठेवली जाते, ती घ्यायला शब्द लागत नाहीत.

भावनांचा कोरडेपणा किती लांबू शकतो याचं एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. मदर तेरेसा यांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्यांनी कित्येक दशकं आतला अंधार सोसत सेवा केली. सोळाव्या शतकातला स्पेनचा संत योहान, ज्याने आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी लिहिलं, त्याने त्या रात्रीकडे देवाच्या कामाची वेळ म्हणून पाहिलं. मला त्यातला प्रत्येक शब्द प्रत्येक दुःखाला लावावासा वाटत नाही, पण देव जाणवत नाही म्हणजे देव नाही असा हिशोब या अनुभवी माणसांनी कधी मांडला नाही. त्याच शतकातल्या इग्नाती लोयोला यांचा एक नियम फार उपयोगी आहे: मन उजाड असताना आधी शांत मनाने घेतलेले निर्णय बदलू नयेत. मंडळी सोडणं, लग्न मोडणं, सगळं विकून टाकणं, देवाला मोठे नवस बोलणं, हे सगळं थोपवून धरा.

एक सीमारेषा ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन बुडालेलं राहत असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडलेली असेल, कामं होत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. हे नैराश्याचं दुखणं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाने सोबतच्या लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. चालू औषधं कुणाच्याही प्रार्थनेच्या भरवशावर परस्पर बंद करू नका आणि पैसे घेऊन बरं करण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. आणि मरणाचे विचार येत असतील तर आज रात्री एकटे राहू नका. एका माणसाला साध्या शब्दांत सांगा, ‘मला जीव द्यावासा वाटतोय’. ज्याने इजा करता येईल ते घरातून हलवायला सांगा. लगेच डॉक्टर, रुग्णालय किंवा मदतवाहिनी गाठा. एलीया, योना, ईयोब तिघांनीही मरण मागितलं होतं. देवाने त्यांच्यापैकी कुणालाही टाकून दिलं नाही. हे विचार लपवण्याइतके लाजिरवाणे नाहीत, पण एकट्याने पेलण्याइतके हलकेही नाहीत.

मग आशा म्हणजे नक्की काय? सगळं लवकर ठीक होईल हा अंदाज म्हणजे ख्रिस्ती आशा नव्हे. अंदाज चुकू शकतो. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर चालणारे दोघे शिष्य ‘अशी आमची आशा होती’ असं भूतकाळात बोलत होते, आणि ज्याच्याविषयी बोलत होते तो शेजारीच चालत होता. ख्रिस्ती आशेचं वजन एका घडलेल्या गोष्टीवर आहे: वधस्तंभावर मेलेल्याला देवाने उठवलं. इब्री लोकांस पत्रात (6:19) तिला जिवाचा नांगर म्हटलंय. नांगर समुद्र शांत करत नाही, वाराही थांबवत नाही, आणि तो जिथे रुतलेला असतो ती जागा जहाजावरून दिसत नाही. फक्त दोर ताणलेला जाणवतो. तुमचा ‘कोठवर’ हा प्रश्न म्हणजे तो ताणलेला दोर आहे. ज्याने देवाशी संबंध तोडलाय तो देवाला कोठवर असं विचारत नाही. वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधे एक शनिवारही आहे. शुभवर्तमानं त्या दिवसाबद्दल जवळजवळ काही सांगत नाहीत. शिष्यांच्या दृष्टीने सगळं संपलेलं होतं. तुम्ही आता त्या दिवसात असाल. आणि पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवरचे व्रण गेले नव्हते, थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. म्हणून आशा परत आली तरी गेलेल्या माणसाची उणीव भरून निघेल असं स्वतःला सांगू नका.

ती परत येते तेव्हा मोठ्या आनंदाने येत नाही. बरेच दिवस कोरडे असलेले डोळे भरून येतात. देवाचा राग येतो, जिथे आधी नुसती बधिरता होती. दुसऱ्याचं दुखणं नजरेला पडतं. अशा वेळी, किंवा त्याच्याही आधी, आठवड्यातून एक काम असं करा ज्याचा अर्थ उद्या असल्याशिवाय लागत नाही. रोप लावा, महिन्याभरानंतरची भेट ठरवा, कपाटातला एक कप्पा आवरा, कुणाला तरी काही शिकवायला घ्या.

यिर्मया 32 मध्ये याचा नमुना आहे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, संदेष्टा यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि शहर पडणार हे त्याच्याच तोंडून सांगितलं गेलंय. अशा वेळी तो अनाथोथ इथलं शेत सतरा शेकेल (वजनाचं जुनं माप) रुपं तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत लिहून मोहोरबंद करतो आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, ही खतं मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. हे सगळं झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो. त्या प्रार्थनेचा शेवट गोंधळलेल्या माणसाचा आहे: शहर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती जातंय, आणि प्रभू, तू मला शेत घे म्हणतोस? तोवर पैसे देऊन झाले होते आणि खत भांड्यात गेलं होतं.